पौगंडावस्थेचें संशोधन आणि घरचीं माणसें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाकडे एक पत्र आलें. पत्र एका संशोधनसंस्थेचें होतें. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या मनाची वाढ कशी होते याचा अभ्यास करण्याचें योजिलें असून आपल्या कन्येनें त्यांत भाग घ्यावा, अशी विनंती त्यांत केलेली होती. भाषा सौजन्याची होती. सोबत चार पानांचें माहितीपत्रक होतें. आणि शेवटीं दोन सह्यांसाठीं दोन निरनिराळ्या जागा होत्या, एक आईबापांची व दुसरी खुद्द मुलीची. गृहस्थ विचारी, कुटुंब सुशिक्षित. तरीहि त्या पत्रानें घरांत जी खळबळ उडाली ती पाहून आम्हांस थोडें नवल वाटलें. वडिलांनीं आम्हांस विचारलें, "निकाल केव्हां कळेल?" जणूं परीक्षाच! आईनें विचारलें, "आमच्या घरांतलें काय काय विचारणार हे लोक हिला?" मुलगी दाराशीं उभी होती. सगळ्यांचें बोलून झाल्यावर ती म्हणाली, "काका, मी तिथें जें सांगेन तें आईबाबांना कळेल का हो?"

हे तिन्ही प्रश्न त्या दिवसापासून आमची पाठ सोडीनात. म्हणून आम्ही या विषयाचा थोडा मागोवा घेतला. आणि असें दिसून आलें कीं, हे प्रश्न मुळींच नवे नाहींत. सव्वाशें वर्षांत कोणी ना कोणी ते विचारलेले आहेत, कित्येकदां मोठ्या संतापानें. आणि आज ज्या चार पानांवर आमच्या मित्रांस सही करावयाची होती त्यांतील पुष्कळशा ओळी विद्वानांच्या औदार्यानें नव्हे, तर कुटुंबांना आलेल्या कटु अनुभवांमुळें लिहिल्या गेल्या आहेत.

बाल्य आणि तारुण्य यांमधील वयाची निराळी नांवें आपल्या भाषेंत फार पूर्वींपासून आहेत. मुलगा सोळा वर्षांचा झाला कीं त्याच्याशीं मित्राप्रमाणें वागावें, हा उपदेशहि सुभाषितकारांनीं करून ठेवलेला आहे. परंतु या वयाला शास्त्राचा स्वतंत्र विषय मानून त्यावर प्रचंड ग्रंथ लिहिण्याचें श्रेय सामान्यतः अमेरिकेंतील जी. स्टॅन्ले हॉल यांस दिलें जातें. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील वुस्टर येथील क्लार्क विद्यापीठाचे ते पहिले अध्यक्ष. त्यांचा दोन खंडांचा 'अ‍ॅडोलेसन्स' हा ग्रंथ 1904 सालीं प्रसिद्ध झाला. वादळ आणि ताण हाच या वयाचा स्वभाव, हें त्यांचें मत पुढें सर्वतोमुखी झालें व अजूनहि घरोघर ऐकूं येतें. मात्र नंतरच्या अभ्यासकांनीं त्याला पुष्कळ मुरड घातली आहे.

हॉल यांची रीत प्रश्नावलीची. राग, भीति, बाहुल्यांचा खेळ अशा विषयांवर प्रश्न छापावयाचे, ते शिक्षकांकडे व आईबापांकडे धाडावयाचे, आणि परत आलेल्या हजारों उत्तरांवरून सिद्धांत बांधावयाचे. या रीतींत घरच्या माणसांचें काम साक्षीदाराचें होतें. आईनें आपल्या मुलाची हकीकत लिहावी आणि ती प्राध्यापकांच्या ढिगांत जाऊन पडावी. ती हकीकत खरी कीं प्रेमानें फुगविलेली, हें ताडून पाहण्याचा मार्ग नव्हता. हॉल यांच्या पद्धतीवर त्यांच्या हयातींतच टीका झाली ती याच मुद्यावर. ज्याच्या रागाची वा भीतीची हकीकत लिहावयाची त्या मुलाला विचारून घ्यावें, अशी चाल मात्र त्या काळीं नव्हती.

वडिलांचा 'निकाल' आम्हांस प्रथम भेटला तो लुइस टर्मन यांच्या उद्योगांत. टर्मन हे क्लार्क विद्यापीठांतच शिकले आणि पुढें स्टॅनफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाले. बुद्धि मुख्यतः वंशानें येते असें मानणारे व सुप्रजाजननाच्या चळवळीचे ते पुरस्कर्ते होते, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. 1921 सालीं त्यांनीं कॅलिफोर्नियांतील शाळांतून बुद्धिमापनाच्या कसोटीवर असामान्य ठरलेलीं मुलें निवडण्यास आरंभ केला. अशीं सुमारें 1,500 मुलें जमलीं आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचें ठरलें. आईबापांकडून लांबलचक पत्रकें भरून घेतलीं गेलीं. पूर्वज कोण, आजार कोणते झाले, घरांत पुस्तकें किती, येथपर्यंत चौकशी होती. आईबापांनींहि तीं हौसेनें भरलीं असावींत. आपलें मूल निवडलें गेलें, यापरता निकाल दुसरा कोणता हवा?

टर्मन या मुलांचे नुसते निरीक्षक राहिले नाहींत. त्यांनीं मुलांना पत्रें लिहिलीं, सल्ला दिला, शिफारशी केल्या. माणूस म्हणून हें त्यांस शोभलेंच. परंतु ज्या रोपट्याची आपोआप होणारी वाढ मोजावयाची त्यालाच रोज खत घातलें तर मोजमापाचा अर्थ काय, हा आक्षेप पुढें घेतला गेला आणि तो रास्त आहे. शिवाय दैवाची एक थट्टा अशी कीं, कसोटींत कमी पडल्यामुळें वगळलेल्या मुलांपैकीं दोघांना, विल्यम शॉकले आणि लुइस अल्वारेझ यांना, अनुक्रमें 1956 व 1968 सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निवडलेल्यांपैकीं तें कोणालाहि मिळालें नाहीं.

बुद्धिमापनाचें हें वारें आपल्याकडेहि लवकरच आलें. व्ही. व्ही. कामत यांनीं बिने यांच्या कसोटीचें कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं रूपांतर केलें. त्यासंबंधींचा त्यांचा लेख 1934 सालीं इंग्लंडांतील शिक्षणविषयक मानसशास्त्राच्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. कामत-बिने या नांवाची ती कसोटी पुढें कित्येक दशकें आपल्या दवाखान्यांतून वापरली गेली. ती बसवितांना जीं मुलें पाटीवर आकृति काढीत वा आंकडे उलटे म्हणत बसलीं असतील त्यांच्या आईबापांना काय सांगितलें गेलें, हा विचार त्या कसोटीचा उल्लेख आला कीं आमच्या मनांत येतो.

असो. पौगंडावस्थेच्या अभ्यासांत कुटुंबाशीं दीर्घकाळ नातें जोडणारे प्रयत्न कॅलिफोर्नियांतच दृढ झाले. 1932 सालीं हॅरल्ड जोन्स आणि हर्बर्ट स्टोल्झ यांनीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बालकल्याण संस्थेमार्फत ओकलंड शहरांतील अकरा-बारा वर्षांचीं मुलें घेतलीं व शालेय शिक्षण संपेपर्यंत त्यांची पाठ सोडली नाहीं. उंची-वजन, शक्ति, स्वभाव, मैत्री, सगळ्यांची नोंद झाली. मुलांनीं मोकळेपणानें वागावें म्हणून शाळेजवळ एक क्लबघर ठेवलें होतें. तेथें मुलें खेळत, नाचत, गप्पा मारीत. आणि कडेला बसलेलीं मोठीं माणसें एकाच वेळीं त्यांचीं स्नेहीहि होतीं आणि त्यांच्याविषयीं टिपणें करणारींहि. ही दुहेरी भूमिका निभावणें सोपें नाहीं. मुलाला मित्र मिळाला म्हणून आई निर्धास्त होते, आणि मित्राच्या खिशांत वही असते.

1932, 1934 व 1936 या सालीं मुलांच्या आयांच्या मुलाखती झाल्या. तो काळ महामंदीचा. घरचा कर्ता बेकार झालेला, कोठें पगार निम्म्यावर आलेला. संशोधक विचारीत होते मुलाविषयीं, पण आया बोलत होत्या त्यांत संसाराची फरफट उतरत होती. हीं टिपणें कपाटांत पडून राहिलीं. पुढें ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञानें तीं बाहेर काढलीं, 1929 आणि 1933 सालच्या कौटुंबिक उत्पन्नाची तुलना केली, आणि ओकलंडच्या 167 मुलांच्या आयुष्यावर मंदीनें काय परिणाम केले हें 1974 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडलें. बापाची मिळकत बुडाली तेव्हां मुलगे बाहेर लहानसहान कामें करूं लागले आणि मुलींनीं घरकामाचा भार उचलला, हें त्यांतलें चित्र आपल्याकडच्या वाचकालाहि ओळखीचें वाटेल. ग्रंथ मोलाचा आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्या मातेनें मुलाच्या वाढीसंबंधीं बोलावयाचें म्हणून दार उघडलें, तिच्या नवऱ्याच्या बेकारीचा हिशेब चाळीस वर्षांनीं इतिहासाचें साधन झाला! नांवें प्रसिद्ध झालीं नाहींत, कोणाची अब्रू गेली नाहीं, तरीहि एक गोष्ट यावरून ध्यानांत येते. संशोधनाला दिलेली माहिती ज्या प्रश्नासाठीं दिली त्याच प्रश्नापाशीं थांबत नाहीं. म्हणूनच आजच्या माहितीपत्रकांत 'ही माहिती पुढें इतर अभ्यासांसाठीं वापरली जाऊं शकेल' असें वाक्य असतें, आणि त्यावर बोट ठेवून चार प्रश्न विचारण्यास कुटुंबानें संकोच करूं नये.

शेजारच्या बर्कले गांवीं जीन मॅकफार्लेन यांनीं 1928 पासून तान्ह्या मुलांचा असाच एक अभ्यास चालविला होता. मुलें तिशीला पोंचल्यावर त्यांनीं आपल्या जुन्या अंदाजांशीं ताळा घातला, तेव्हां जवळजवळ निम्मीं मुलें अभ्यासकांच्या अपेक्षेपेक्षां अधिक स्थिर व कर्तबगार निघालीं होतीं; आणि ज्यांच्याविषयीं फार आशा होती त्यांतील कांहीं मागें पडलीं होतीं. पौगंडावस्थेंतील खडतर काळच कित्येकांना उपकारक झालेला दिसला. मॅकफार्लेन यांनीं हें प्रांजळपणें लिहून ठेवलें. आमच्या मित्रांप्रमाणें ज्यांना संशोधकाकडून आपल्या मुलीची मानसिक जन्मपत्रिका हवी आहे त्यांनीं हा ताळा अवश्य लक्षांत घ्यावा. तीस वर्षें डोळ्यांत तेल घालून बसलेल्यांनाहि एकेका मुलाचें भविष्य वर्तवितां आलें नाहीं, तें दोन तासांच्या प्रश्नावलीनें कसें कळणार?

आतां ज्या प्रकरणानें आमचें मन सर्वांत अधिक अस्वस्थ केलें तें सांगतों. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज व सॉमरव्हिल या दोन जोडगांवांत डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट या नामांकित वैद्यानें मुलगे गुन्हेगारीकडे वळूं नयेत म्हणून एक योजना आंखली. केवळ उनाड मुलगे घेतले तर त्यांच्यावर शिक्का बसेल, म्हणून साधे, सरळ मुलगेहि निवडले गेले. एकमेकांशीं शक्य तेवढें साम्य असलेल्या मुलांच्या जोड्या लावण्यांत आल्या. मग नाणें उडवून जोडीपैकीं एकाला मदत द्यावयाची व दुसऱ्याला न द्यावयाची, असें ठरविण्यांत आलें. काम 1939 सालीं सुरू झालें. कॅबट त्याच वर्षीं वारले, पण योजना 1945 पर्यंत चालली. शेवटीं हिशेबांत राहिले ते 506 मुलगे, म्हणजे 253 जोड्या.

मदतीच्या वांट्याला आलेल्या कुटुंबांना काय मिळालें? महिन्यांतून सुमारें दोन वेळां एक समुपदेशक घरीं येई, मुलाची विचारपूस करी, घरच्या अडचणींतहि लक्ष घाली. सरासरी साडेपांच वर्षें हें चाललें. कोणाला शिकवणी, कोणाला डॉक्टर, कोणाला उन्हाळ्यांत शिबिर. गरीब वस्तींतील आईला असा माणूस दारीं येणें म्हणजे देव भेटल्यासारखेंच वाटलें असेल. नाण्याची दुसरी बाजू ज्यांच्या वांट्याला आली त्यांच्याकडून केवळ माहिती घेतली गेली.

तीस वर्षांनीं जोन मॅकॉर्ड या विदुषीनें या सगळ्या मुलांचा, आतां प्रौढ झालेल्या पुरुषांचा, पुन्हां शोध घेतला आणि 1978 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना मदत मिळाली होती त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश लोकांनीं सांगितलें कीं, त्या योजनेचा आम्हांस फायदा झाला. कित्येकांनीं आपल्या समुपदेशकाची आठवण प्रेमानें काढली. परंतु न्यायालयांचीं, रुग्णालयांचीं व मृत्यूचीं दप्तरें निराळेंच सांगत होतीं. मदत मिळालेले लोक न मिळालेल्यांपेक्षां कोणत्याहि बाबतींत वरचढ ठरले नाहींत. उलट एकदां गुन्हा केल्यावर पुन्हां गुन्हा करणें, मद्यपानाचीं लक्षणें, गंभीर मनोविकार, रक्तदाब व हृदयाचे विकार, अकालीं मृत्यु, अशा अनेक बाबतींत त्यांचीच स्थिति वाईट दिसली. असें कां झालें यावर पुढें पुष्कळ खल झाला. परावलंबन वाढलें, मनांत अपेक्षा उंचावल्या आणि मागाहून निराशा झाली, असे तर्क मॅकॉर्ड यांनींच केले. नंतरच्या छाननींत असें आढळलें कीं, ज्या मुलांना शिबिरांत पुन्हां पुन्हां पाठविलें त्यांच्यांतच हानि विशेष होती. उनाड मुलांची मोट एकत्र बांधली तर तीं एकमेकांनाच बिघडवितात, हा त्यांतून निघालेला अर्थ. आपल्याकडे संगतीविषयीं आजी जें सांगत आली तेंच हें; परंतु तें ठरविण्यास या वेळीं 506 आयुष्यें खर्चीं पडलीं.

कोणी म्हणेल कीं, मग अशा उद्योगांना उंबरा ओलांडूं देऊंच नये. आम्हांस तसें वाटत नाहीं. उलट, दुसऱ्या गटांतील त्या 253 कुटुंबांनीं कांहीं न मिळतां माहिती दिली नसती तर ही चूक कोणालाहि कधींच कळली नसती. प्रेमळ समुपदेशकांच्या आणि कृतज्ञ मुलांच्या साक्षीवर ती योजना गांवोगांव पसरली असती. मात्र कुटुंबानें एक भेद मनाशीं पक्का केला पाहिजे. वैद्याकडे आपण जातों तेव्हां त्याचें लक्ष आपल्या मुलावर असतें. संशोधकाकडे जातों तेव्हां त्याचें लक्ष एका प्रश्नावर असतें. तो कितीहि सज्जन असला तरी आपल्या मुलाला काय हितकर तें त्याला बहुधा अद्याप ठाऊक नसतें. ठाऊक असतें तर संशोधनाची गरजच काय होती? 'तुमच्या मुलाला यांतून प्रत्यक्ष लाभ होईलच असें नाहीं' हें वाक्य माहितीपत्रकांत वाचून आमचे मित्र खट्टू झाले. आम्हांस मात्र संपूर्ण पत्रकांत तें वाक्य सर्वांत प्रामाणिक वाटलें.

आतां आईच्या प्रश्नाकडे वळूं. पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील नॉरिस्टाउन येथील शाळांत, माँटगोमेरी परगण्यांत, 1970 नंतर मुलांना मादक पदार्थांच्या व्यसनापासून वांचविण्याची एक योजना निघाली. कोणतीं मुलें पुढें व्यसनी होतील हें आठवीच्या वर्गांत प्रश्नावली देऊन आधींच हुडकावें, आणि मग त्यांच्यावर उपाय करावे, असा बेत. प्रश्न कसले? आईबाप तुमच्यावर प्रेम करतात का, लहानपणीं रात्रीं निजतांना जवळ घेत का, असले. वर्गमित्रांपैकीं चमत्कारिक कोण वागतो, हेंहि मुलांनाच विचारावयाचें होतें. आणि आईबापांची परवानगी? मूळ योजनेप्रमाणें घरीं एक पत्र जाणार होतें. त्याला नकाराचें उत्तर आलें नाहीं तर संमति आहे असें धरून चालावयाचें! मुलाला विचारण्याची तर तरतूदच नव्हती.

एका मातेनें याविरुद्ध न्यायालयाचें दार ठोठावलें. दावा दाखल होण्याच्या सुमारास योजकांनीं लेखी संमति घेण्याचें मान्य केलें. परंतु न्यायालयाचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. 1973 सालीं निकाल लागला तो त्या मातेच्या बाजूनें. न्यायालयानें म्हटलें त्याचा आशय असा: घरांतील आईबाप व मूल यांचें नातें ही खाजगी बाब आहे, आईबापांना पाठविलेल्या पत्रांत योजनेचे फायदे रंगविले आहेत, धोके सांगितलेले नाहींत, म्हणून अशी संमति समजून-उमजून दिलेली म्हणतां येत नाहीं, 'भावी व्यसनी' म्हणून ज्याचें नांव यादींत गेलें त्याला शाळा व सोबती तसेंच वागवूं लागतील आणि भाकीत आपोआप खरें होईल, आणि ती यादी उद्यां सरकारी वकिलानें मागितली तर ती देण्यावाचून शाळेला गत्यंतर राहणार नाहीं. आमच्या मतें या निकालांतलें शहाणपण सर्व विद्यापीठांनीं मिळून त्या वेळेपर्यंत दाखविलेल्या शहाणपणापेक्षां अधिक होतें. आणि तें एका मातेच्या हट्टामुळें प्रकट झालें.

यानंतर नियमांना वेग आला. अमेरिकेंत नेमलेल्या राष्ट्रीय आयोगानें मुलांवरील संशोधनासंबंधीं 1977 सालीं अहवाल दिला. 1979 सालीं बेल्माँट अहवाल आला. आणि 1983 सालीं मुलांसंबंधींचे स्वतंत्र नियम अमलांत आले. त्यांत आईबापांची परवानगी आणि मुलाची अनुमति या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या, आणि एक वाक्य असें घातलें गेलें कीं, केवळ विरोध न करणें म्हणजे अनुमति नव्हे. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणणाऱ्यांना त्यांत चपराक आहे.

आपल्या देशांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें 1980 सालीं यासंबंधीं पहिलें धोरण जाहीर केलें व पुढें तें वाढवीत नेलें. परिषदेच्या 2017 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलासाठीं आईबापांची लेखी संमति लागते. शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी अनुमति घ्यावी लागते. त्या पत्राखालीं दोन सह्यांच्या जागा होत्या त्या यामुळें. संशोधनाला नीतिसमितीची मान्यता आहे का हें विचारणें, समितीच्या सचिवाचा पत्ता पत्रकावर आहे का हें पाहणें, आणि केव्हांहि कारण न सांगतां बाहेर पडतां येईल का याची खात्री करून घेणें, हा कुटुंबाचा हक्क आहे. त्यांत उद्धटपणा कांहीं नाहीं.

आजकाल प्रत्यक्ष काय घडतें हेंहि थोडक्यांत सांगावयास हवें. अमेरिकेंत 2016 ते 2018 या काळांत एकवीस ठिकाणीं मिळून जवळजवळ 12,000 मुलें, नऊ-दहा वर्षांचीं असतांना, एका मोठ्या अभ्यासांत घेतलीं गेलीं आणि दहा वर्षें त्यांचा मागोवा घेण्याचें ठरलें. अशा अभ्यासांत मूल व पालक यांना वेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारतात. संगणकावर स्मरणाचे व लक्षाचे खेळ देतात. लाळेचा नमुना घेतात. आणि चुंबकीय यंत्रांत निजवून मेंदूचीं चित्रें काढतात. त्या यंत्रांत क्षकिरण नसतात, दुखत नाहीं, पण आवाज मोठा आणि जागा अरुंद. म्हणून आधीं खोट्या यंत्रांत सराव करून घेण्याची पद्धत आहे. अंगांत धातूचा तुकडा किंवा दांतांना तारा असतील तर तें आधीं सांगावें लागतें. दिवस मोडतो, मूल कंटाळतें, आणि त्याबद्दल थोडा मोबदला देतात. आपल्याकडेहि बंगलोरच्या निम्हान्स संस्थेच्या पुढाकारानें देशांतील अनेक केंद्रांतून मुलें व तरुण यांचा असा अभ्यास झालेला आहे.

पुण्याचें उदाहरण आमच्या वाचकांस जवळचें वाटेल. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनीं 1993 सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या मुलांचा मागोवा बालपणांत, पौगंडावस्थेंत व पुढेंहि घेतला गेला. कांहीं मुलांच्या स्मरणाच्या व लक्षाच्या कसोट्या त्यांच्या नवव्या वर्षीं घेऊन आईच्या गरोदरपणांतील बी-12 जीवनसत्त्वाशीं त्यांचा संबंध तपासला गेला. आणि 2012 सालीं, हीं मुलें वयांत येत असतांना, त्यांनाच तें जीवनसत्त्व देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हें पाहण्याचा प्रयोग आरंभिला. ओकलंडच्या आयांची टिपणें चाळीस वर्षें कपाटांत राहिलीं; येथें आयांच्या रक्तांत जें आढळलें तें त्यांच्या मुलांपर्यंत एका गोळीच्या रूपानें परत आलें. असें क्वचित् घडतें, पण घडतें.

आतां राहिला दाराशीं उभ्या असलेल्या मुलीचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड आहे. नियम असा कीं, मुलानें दिलेलीं उत्तरें सामान्यतः आईबापांना दाखवीत नाहींत. कारण उघड आहे. सिगारेट ओढलीस का, जगणें नकोसें वाटतें का, घरीं कोणी मारतें का, या प्रश्नांचें खरें उत्तर आई पलीकडे कान देऊन आहे असें वाटल्यावर कोणतें मूल देईल? आणि खोट्या उत्तरांवर उभारलेलें शास्त्र हॉल यांच्या ढिगाहून कितीसें बरें? याला अपवाद आहेत, आणि ते मुलालाहि आरंभींच सांगितले पाहिजेत. जिवाला धोका दिसला तर संशोधक गप्प बसूं शकत नाहीं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळलें तर आपल्याकडे 2012 च्या कायद्याप्रमाणें तें पोलिसांस कळविणें कोणावरहि बंधनकारक आहे. याशिवायचें बाकी सारें मुलाचें स्वतःचें.

आम्हां मराठी मध्यमवर्गीयांना हें पचविणें जड जातें, हें आम्ही मान्य करतों. मुलांचीं पत्रें फोडण्याची चाल आमच्यांत पुष्कळ घरीं होती, आणि आतां मोबाइल तपासण्याची आहे. त्यांत आम्हांस गैर कांहीं वाटत नाहीं. जी गोष्ट मुलगी आपल्याला सांगत नाहीं ती तिनें एका अनोळखी बाईला बंद खोलींत सांगावी आणि त्या बाईनें ती एका आंकड्याखालीं झांकून ठेवावी, हें आईच्या काळजाला लागणारच. त्या दिवशीं त्या माउलीचा चेहरा उतरला तो आम्हीं पाहिला. नॉरिस्टाउनच्या मातेनें घराचें दार परक्यांसाठीं बंद करण्याचा हक्क मिळविला. येथें त्याच दाराच्या आंत आणखी एक लहानसें दार आहे आणि त्याची किल्ली मुलीच्या हातीं आहे, असें हे नियम सांगतात. दोन्ही दारें एकाच वेळीं कशीं राखावींत याचें उत्तर कोणत्याहि आयोगाला पूर्णपणें देतां आलेलें नाहीं. आम्हीं त्या मुलीला एवढेंच सांगितलें कीं, कळणार नाहीं, परंतु तुझ्या जिवाला अपाय होण्यासारखें कांहीं असेल तर मात्र कळेल, आणि तें कळावेंच. ती थोडा वेळ विचार करीत राहिली. मग आईकडे न पाहतां "बरं" म्हणाली.

पत्रक चार दिवस तिच्याकडे होतें. पांचव्या दिवशीं तिनें सही केली. लाळेचा नमुना देण्याच्या रकान्यापुढें मात्र 'नाहीं' असें लिहिलें आणि कारण लिहिलें नाहीं. संस्थेनें तें तसेंच स्वीकारलें. आईनें तिच्या आधींच, दुसऱ्या दिवशीं, सही करून ठेवली होती. वडिलांना अजून वाटतें कीं, दिवाळीपर्यंत निकालाचें एखादें पत्रक घरीं येईल.